बर्फातल्या ट्रेकला पिण्याचं पाणी गोठू नये म्हणून : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी आटोपली की आमच्या ग्रुपमध्ये केदारकंठा, ब्रह्मताल, चादर असे बेत सुरू होतात. बर्डीवर जाऊन जॅकेटं बघून होतात, बूट घेऊन होतात, दिल्लीचं तिकीट निघतं. मग निघायला आठ दिवस उरले की कोणीतरी विचारतं, "ताई, तिथं पाणी गोठते म्हणे, मग प्यायचं काय?" मला मनापासून वाटतं, हा प्रश्न जॅकेटच्याही आधी यायला हवा. ग्रुपच्या पाण्याची व्यवस्था बघायचं काम काही हिवाळ्यांपासून माझ्याकडे आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवते आहे.

नागपूरलाही कडाक्याची थंडी पडते. ती झेलणाऱ्याला वेगळं काय शिकायचं?

पडते ना. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या दिवशी सेमिनरी हिल्सवर फिरायला गेलेल्यांची बोटं हातमोज्यांत आखडली होती. पण ३.५ म्हणजे शून्याच्या वरच. तेवढ्या थंडीत बाटलीतलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार होतं, पण वाहतं राहतं. उत्तराखंडात सांकरीहून केदारकंठ्याला निघालो, की डिसेंबर-जानेवारीत वरच्या मुक्कामी रात्री पारा शून्याखाली जातो आणि उजाडेपर्यंत तिथंच राहतो. लडाखला झंस्कार नदीच्या गोठलेल्या पात्रावरून चालतात, ज्याला चादर म्हणतात, तिथं तर उणे २० हे काही नवलाचं नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. आपला हात उन्हाळ्याने घडवलेला आहे. ४७ अंशांच्या मे महिन्यात पाण्यातली उष्णता बाहेर कशी काढायची, हे आपल्याला लहानपणापासून येतं. माठाखाली वाळू घालायची, सुराही खिडकीत ठेवायची, बाटलीला ओलं फडकं गुंडाळायचं, कूलरच्या ताट्या भिजवायच्या. बर्फात याच्या बरोब्बर उलट करायचं असतं. तिथं पाण्यात उष्णता भरायची आणि ती जिवापाड जपायची. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

बाटलीला ओलं फडकं गुंडाळायची सवय आहे. बर्फात कोरडं गुंडाळलं तर फरक पडतो?

सगळा फरक त्यानेच पडतो. ओल्या फडक्यातलं पाणी वाफ होऊन उडताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं, म्हणून उन्हाळ्यात ते गार करतं. बर्फात बाटलीवर कोरडा लोकरी मोजा चढवायचा. लोकर ऊब देते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. ती हवा जाऊन तिथं पाणी शिरलं, की मोजा पांघरुणाचं काम सोडतो आणि उष्णता बाहेर न्यायला लागतो. थोड्या वेळाने तोच मोजा बाहेरून गोठून पत्र्यासारखा कडक होतो.

म्हणून बाटली भरताना आधी मोजा काढा, बाटली भरा, झाकण लावा, बाहेरून पुसून कोरडी करा आणि मग मोजा चढवा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पहाटे चारला, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, हात कापत असताना मोज्यासकट बाटली किटलीखाली धरावीशी वाटते, तेव्हा ही गोष्ट आठवायला हवी.

थंडीत तहानच लागत नाही. मग कमी प्यायलं तर नाही का चालत?

नाही चालत. यावर माझा कोणाशीच समझोता नाही.

थंडीत तहान कमी लागते, पण पाणी कमी जात नाही. तिथली हवा गार आणि कोरडी असते. प्रत्येक श्वासाबरोबर ती हवा आत ओली होते आणि ते पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. तोंडातून निघणारा पांढरा धूर म्हणजे तुमच्याच अंगातलं पाणी. चढावर धाप लागली की हे दुप्पट-तिप्पट होतं. त्यात थंडीने हातापायांकडचं रक्त आत वळतं आणि लघवी जास्त होते. अंगातलं पाणी असं उतरलं की डोकं दुखतं, पाय जड होतात, आणि ही लक्षणं उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासासारखीच दिसतात. मग नेमकं काय बिघडलंय तेच कळत नाही. बोटांना हिमदंश होण्याचा धोकाही वाढतो.

साधा हिशेब : चहा, सूप, वरण धरून दिवसाला साधारण ३ लिटर. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला, तर कमी पडतंय असं समजा.

आणखी एक गोष्ट, ती बोलायला बायका संकोचतात. रात्री तंबूबाहेर जावं लागू नये म्हणून संध्याकाळी चारनंतर पाणीच बंद करायचं, हे मी कितीदा पाहिलं आहे. करू नका. त्यापेक्षा दोघींनी मिळून जायचं ठरवा, बॅटरी हाताशी ठेवा, बूट तंबूच्या दाराशी उघडून ठेवा. जेवणाआधी भरपूर प्या आणि झोपताना फक्त दोन घोट घ्या.

कोणती बाटली घ्यावी?

एक थर्मास आणि एक रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली, अशी जोडी घ्या. दोन्ही लागतात.

थर्मास म्हणजे दोन भिंतींचा, मधली हवा काढून घेतलेला स्टीलचा. त्यात भरलेलं उकळतं पाणी दुपारपर्यंत चांगलं गरम राहतं. दोष एकच, वजन. म्हणून सगळंच पाणी थर्मासात न्यायचं नाही. पाऊण लिटरचा एक पुरे. त्यातलं पाणी राखीव समजा. माथ्यावर कपभर गरम पाणी, किंवा कोणाची बाटली गोठली तर तिला सोडवायला. विकत घेतलेला थर्मास घरी उकळतं पाणी भरून तपासून बघा. बाहेरची भिंत हाताला गरम लागली, तर आतली पोकळी गेलेली आहे. तो परत करा.

दुसरी बाटली एका लिटरची, जाड प्लास्टिकची, उकळतं पाणी सोसणारी. ती उकळत्या पाण्यासाठीच केलेली आहे की नाही, हे लेबलवर वाचून घ्या. तोंड रुंद असावं, कारण गोठणं तोंडापाशी सुरू होतं. निमुळत्या तोंडात बर्फाचं बोटभर बूच बसलं तरी आतलं सगळं पाणी अडकतं. रुंद तोंडावर आलेली साय चमच्याने फोडता येते. झाकणाचे आटे मोठे असावेत, म्हणजे हातमोजे न काढता उघडता येईल. दोन अर्ध्या लिटरच्या बाटल्यांपेक्षा एका लिटरची एक बरी, कारण मोठा साठा सावकाश निवतो.

आता काय घेऊ नये ते सांगते. रेल्वे स्टेशनवरची पातळ पाण्याची बाटली गरम पाण्याने मुरगळते आणि आकसते. एका भिंतीची स्टीलची बाटली, मुलं शाळेत नेतात तसली, उष्णता झपाट्याने बाहेर सोडते, आणि फार थंडीत तिच्या काठाला ओले ओठ चिकटतात. सोलवटून निघतात अक्षरशः. काच अजिबात नको.

घरातली ज्येष्ठ मंडळी प्रेमाने तांब्याची बाटली देतात. तांबं उष्णता वाहून नेण्यात स्टीलच्याही कितीतरी पुढे आहे. चुलीवरचा बंब तांब्याचा असायचा तो याच गुणासाठी. बर्फात तोच गुण उलटतो. ती घरी राहू द्या.

सॅकमधली नळीवाली पिशवी चालेल ना? मी पेंचला, रामटेकला तीच वापरतो.

रामटेकच्या गडाला उत्तम. बर्फात, माझ्या मते, नको.

माझ्या पहिल्याच हिवाळी ट्रेकला, केदारकंठ्यावर, माझ्याकडे तीच होती. पहाटे साडेतीनला वरच्या तळावरून निघालो. पहिल्या वीस मिनिटांत मी दोनदा पाणी प्यायले. तिसऱ्यांदा नळी तोंडात घेतली तर टोकाचं रबर खडीसाखरेसारखं कडक. दातांत दाबलं, फुंकलं, काही नाही. डोक्यावरच्या दिव्यात बघितलं, तर नळीभर बर्फाचा पांढरा दोरा तयार झालेला, आणि नळी वाकवली की आतून कुरकुर आवाज यायचा. पाठीवर दोन लिटर पाणी होतं, हलताना त्याचं डुचमळणं ऐकू येत होतं, आणि सूर्य वर येईपर्यंत मला त्यातला एक थेंब मिळाला नाही. मागून येणाऱ्या सोबतिणीने तिच्या थर्मासच्या झाकणात मला कोमट पाणी ओतून दिलं. त्या चार घोटांची चव मी अजून विसरलेले नाही.

कारण सोपं आहे. पिशवीत पाणी पुष्कळ असतं आणि ती पाठीच्या उबेला असते, म्हणून ती टिकते. नळीत जेमतेम दोन-चार चमचे पाणी, आणि तिला चारही बाजूंनी वारा. ती आधी जाणारच.

तरीही नेणारच असाल, तर एवढं कराच. प्रत्येक घोटानंतर नळीत उलटी फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकला, म्हणजे नळी रिकामी राहील. नळी जॅकेटच्या आतून घ्या. टोक गळ्याशी, कपड्यांच्या आत ठेवा. आणि सोबत एक बाटली असू द्याच.

बाटली सॅकमध्ये उलटी ठेवतात म्हणे. खरं आहे का?

हो, आणि यामागचं कारण सुंदर आहे. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशांना. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वर येतं, आणि बर्फ तर तरंगतोच. म्हणून बाटली असो की तळं, गोठण्याची सुरुवात वरून होते. केदारकंठ्याच्या वाटेवरचं जुडा का तालाब हे तळं वरून पांढरं दिसतं, खाली पाणी असतं, ते याचमुळे. बाटली उलटी ठेवली की वर येतं तिचं बूड. बर्फ धरला तरी बुडाशी धरतो आणि सरळ केल्यावर झाकण मोकळं मिळतं.

अट एवढीच, की झाकण गळणारं नको. घरी बाटली भरून, उलटी करून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असला तरच तिला सॅकमध्ये जागा. आटे ओले राहिले तर तेही गोठतात आणि झाकण हलत नाही. म्हणून लावण्याआधी बोटाने आटे पुसायची सवय लावून घ्या.

सॅकमध्ये बाटलीची जागा बाहेरच्या जाळीच्या खिशात नाही, हेही इथंच सांगते. मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून, पाठीच्या बाजूने ठेवा. पण मग ती काढायला सॅक उतरवावी लागते, आणि आळसाने माणूस पाणीच पीत नाही. त्यावर उपाय म्हणून मी पाव लिटरची छोटी बाटली जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवते. चालता चालता ती संपवायची, थांबलो की मोठीतून भरून घ्यायची. अंगाची ऊब तिला पुरते.

रात्री काय करायचं? सकाळी सगळ्यांच्या बाटल्या दगड झालेल्या असतात.

पाण्याची खरी परीक्षा रात्रीच असते. दिवसा माणूस चालतो, बाटली हलते, ऊन असतं. रात्री दहा तास सगळं निश्चल.

जेवण झाल्यावर स्वयंपाकाच्या तंबूत जा आणि तिथल्या भाऊंना उकळतं पाणी मागा. ट्रेकवर स्वयंपाक करणारी ही मंडळी आपल्या आधी तीन तास उठतात. त्यांच्याकडे ऐन वेळी बाटल्या पुढे करू नका, संध्याकाळीच सांगून ठेवा. लिटरची बाटली भरा, वर दोन बोटं जागा सोडा. झाकण घट्ट लावा, उलटी करून हलवा, एकही थेंब येता कामा नये. मग कोरडा लोकरी मोजा चढवा आणि बाटली स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी सोडा.

याचे फायदे एकात एक गुंतलेले आहेत. पायांना शेक मिळतो, झोप लागते, पाणी रात्रभर अंगाच्या उबेत राहतं आणि सकाळी कोमट, पिण्याजोगं मिळतं. मोज्याशिवाय थेट बाटली पायाला लावू नका. उकळत्या पाण्याने झोपेत कातडी भाजते आणि बधिर पायांना ते कळत नाही. लहान मूल सोबत असेल तर पाणी आधी थोडं निवू द्या.

स्लीपिंग बॅगमध्ये जागा उरली नाही, तर जास्तीची बाटली कपड्यांत गुंडाळून अंगाखालच्या मॅटवर, दोघांच्या मध्ये ठेवा. तंबूच्या भिंतीला टेकवू नका. आणि हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पाणी भरपूर असेल तर भांडं झाकून हात-दीड हात खोल बर्फात पुरूनही ठेवता येतं. भुसभुशीत बर्फात हवा भरलेली असते, तो गोधडीसारखं काम करतो. वर हवा उणे १५ असली तरी खालचा बर्फ शून्याच्या बराच जवळ राहतो. पुरलेल्या जागेवर काठी रोवायला मात्र विसरू नका. सकाळी सगळीकडे सारखंच पांढरं दिसतं.

उकळतं पाणी भरल्याने नेमका किती फायदा?

हिशेब करून बघा. ९० अंशांचं लिटरभर पाणी शून्यावर येईपर्यंत ९० किलोकॅलरी उष्णता सोडतं. त्यानंतर शून्यावरच थांबून पूर्ण बर्फ व्हायला त्याला आणखी ८० सोडाव्या लागतात. म्हणजे झऱ्यातलं शून्य-एक अंशाचं पाणी भरून निघालेल्याकडे ८० चा साठा, आणि तुमच्याकडे १७० चा. शिवाय त्याच्या बाटलीत बर्फ लगेच धरू लागतो. तुमच्या बाटलीतल्या पहिल्या ९० संपेपर्यंत बर्फाचा कणही धरत नाही.

पण गरम पाणी गारापेक्षा लवकर गोठतं, असं शाळेत ऐकलं होतं.

टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा या विद्यार्थ्याने १९६३ मध्ये आइस्क्रीम करताना ही गोष्ट पाहिली, आणि १९६९ मध्ये त्याचा व डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांचा लेख प्रसिद्ध झाला. तेव्हापासून शास्त्रज्ञांचा त्यावर वाद सुरू आहे. हा परिणाम दरवेळी दिसत नाही, आणि जिथं दिसल्याचं सांगतात तिथं बहुधा उघडी भांडी, वाफ होऊन पाणी कमी होणं अशा गोष्टी असतात. झाकण लावलेल्या, लोकरीत गुंडाळलेल्या बाटलीला त्याची भीती बाळगू नका. गरमच भरा.

मीठ किंवा साखर घातली तर पाणी गोठत नाही ना?

गोठतं, फक्त जरा उशिरा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेही उणे दोनच्या आसपास गोठतं, आणि ते आपण पिऊ शकत नाही. साखर तर लिटरला पावशेराहून जास्त, साडेतीनशे ग्रॅमच्या घरात घालाल, तेव्हा कुठे दोनेक अंशांचा फरक पडेल. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात घातली, तर जेमतेम अर्धा अंश. ओआरएस जरूर न्या, पण क्षार भरून काढायला. गोठू नये म्हणून नव्हे.

चवीसाठी गूळ आणि सुंठ घातलेलं कोमट पाणी मला फार आवडतं. ते पिववतं, हाच त्याचा मोठा गुण. नुसतं गार पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून अनेक जण पीत नाहीत.

थोडी दारू मिसळली तर? तिकडे सगळे घेतात म्हणतात.

नको. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. लघवी वाढते, भान कमी होतं. एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. बाहेर रात्रभर राहिलेली दारूची बाटली उणे १० लाही न गोठता तितकीच गार होते, आणि तो घोट घसा पोळून काढतो.

पाणी संपलं तर बर्फ खाऊन भागेल का?

चालताना, ऊन असताना, एखादी मूठ तोंडात धरली तर बिघडत नाही. पण त्यावर तहान भागवायची म्हटली, तर प्रत्येक मूठ वितळवायला अंगाची उष्णता जाते. आधीच काकडलेल्या, दमलेल्या माणसाने तर बर्फ खाऊच नये.

वितळवून प्यायचा असेल तर त्याचीही रीत आहे. पातेल्यात आधी तळाशी कपभर पाणी घाला, ते तापलं की थोडा थोडा बर्फ टाकत जा. कोरडा भुसभुशीत बर्फ थेट तापल्या पातेल्यात टाकला तर तो तळाशी वितळलेलं पाणी शोषून वर धरतो, बूड कोरडं पडून करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. ताज्या बर्फाचं आठ-दहा पातेल्यांचं मिळून एक पातेलं पाणी होतं, तेव्हा धीर धरा. दाबून घट्ट झालेला जुना बर्फ मिळाला तर तो घ्या, त्यात पाणी जास्त असतं. पिवळट, तपकिरी, किंवा गुलाबी छटा असलेला बर्फ सोडून द्या. मुक्कामाच्या तळाजवळचा, खेचरांच्या वाटेवरचाही नको.

बर्फ वितळवायला लागणारी उष्णता तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला पुरेल इतकी असते. म्हणून इंधन भरपूर लागतं. छोटा गॅसचा डबा वापरत असाल तर तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. त्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबवतो आणि सकाळी शेगडी फुरफुरून विझते. आणि कितीही थंडी असो, बंद तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

तिथलं पाणी शुद्ध असतं का? फिल्टर, गोळ्या चालतील?

झऱ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसो, वर कोणाची खेचरं असतील सांगता येत नाही. उकळणं सगळ्यात खात्रीचं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. नागपुरात सुमारे ९९ अंशांना, तर केदारकंठ्याच्या माथ्याच्या उंचीवर, म्हणजे साडेबारा हजार फुटांवर, साधारण ८८ ला. म्हणून दोन हजार मीटरच्या वर खळखळून उकळी आल्यावर ३ मिनिटं ठेवावं. याच कारणाने तिथला भात कच्चट लागतो, त्याला स्वयंपाक्याचा दोष नाही.

क्लोरीनच्या गोळ्या गार पाण्यात सावकाश काम करतात. पाकिटावरचा वेळ कमीत कमी समजा आणि पाणी आधी कोमट करता आलं तर करा. बारीक नळ्यांचा फिल्टर एकदा वापरून ओला झाला आणि गोठला, की आतल्या नळ्यांना तडे जातात. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पाणीही येतं, पण गाळलं काहीच जात नाही. त्यामुळे तोही रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. गोठल्याची शंका आली तर त्यावर विसंबू नका.

एवढं करूनही बाटली गोठली तर?

आपटू नका. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, बाटली आधीच ताणलेली असते, आणि थंडीने कडक झालेलं प्लास्टिक तडकतं. झाकण अडकलं असेल तर थर्मासमधलं अर्धा झाकण गरम पाणी त्याच्याभोवती सावकाश ओता, किंवा उघड्या तळव्यांत मिनिटभर धरून मग हातमोजे घाला. आत थोडं जरी पाणी मोकळं असेल तर ते प्या आणि तेवढंच गरम पाणी आत घाला, उरलेला बर्फ सुटत जाईल. थर्मास मात्र कधीही चुलीवर, शेगडीवर ठेवू नका. मधली पोकळी बंद असते, तो फुटू शकतो.

संत्री नेऊ का? आणि औषधं?

संत्री जरूर न्या. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतातच. पण संत्र्यात पाणीच पाणी, तेही गोठतं, आणि गोठून सुटलेल्या फोडी पिचपिचीत होतात. दोन संत्री आतल्या कपड्यांत गुंडाळून माथ्यावर न्या. बर्फात बसून सोललेल्या संत्र्याच्या सालीचा तो वास आला की सगळा ग्रुप आपोआप जवळ येतो.

औषधांबाबत कळकळीने सांगते. इन्सुलिन आपण नागपुरात फ्रिजमध्ये ठेवतो, म्हणून थंडीत ते सुरक्षितच असेल असं वाटतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि वितळल्यावर ते वापरू नये. ते दिवसा अंगालगतच्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये हवं, पण उकळत्या बाटलीला चिकटून नको. डोळ्यांचे थेंब, लेन्सचं पाणी, पातळ औषधं यांनाही हाच नियम. ट्रेकला निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

नागपुरात बसून याचा सराव कसा करणार? इथं बर्फ कुठे?

घरच्या फ्रीजरमध्ये. तो साधारण उणे १८ असतो, म्हणजे केदारकंठ्याच्या रात्रीपेक्षाही कडक. दोन सारख्या बाटल्या घ्या, दोन्हींत माठातलं पाणी भरा, वर जागा सोडा. एकीला कोरडा लोकरी मोजा, दुसरी उघडी. दोन-तीन तासांनी बघा. उघडीच्या काठाने साय धरलेली असेल, मोजेवालीत नुसतं गार पाणी. मग एक सरळ, एक उलटी ठेवून बघा. झाकण कुठे अडकतं ते स्वतःच्या हाताने कळेल. हातमोजे घालून झाकण उघडायचाही सराव करा. घरच्यांना विचारून करा, आणि उकळत्या पाण्याची बाटली मात्र फ्रीजरमध्ये घालू नका, आतले बाकीचे पदार्थ वितळतात.

ट्रेक झाल्यावर नळीवाली पिशवी धुऊन ठेवली, तरी आतून काळी पडली. काय करू?

खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, नळीतूनही ते पाणी जाऊ द्या, साध्या पाण्याने खंगाळा आणि जमेल तेवढी निथळून घ्या. नळीच्या आतला ओलावा लवकर वाळत नाही, बुरशी तिथूनच सुरू होते. म्हणून निथळलेली रिकामी पिशवी नळीसकट फ्रीजरमध्येच ठेवून द्या. तिथं बुरशी वाढत नाही. आमच्याकडे ती मटारच्या पिशव्यांशेजारी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पडून असते.